माझी सवत आणि माल्टाचं बेट

माझ्या नवऱ्यानं माझ्या सवतीला भर सभेत पाच हजार वर्षांची करून टाकलं आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. ती मरून तेव्हा जेमतेम पाच वर्षं झाली होती. मेली तेव्हा ती सोळाची होती की सतराची, यावर आमच्या घरात एकमत नव्हतं. पण पाच हजारांची नव्हती, एवढं मी शपथेवर सांगू शकते.

सोलापुरात तीस साली मार्शल लॉ लागला, त्याच्या दोन-तीन वर्षं आधीची ही गोष्ट. मी मंगळवेढ्याकडची, शेतकऱ्याची मुलगी. वडिलांना जोंधळ्याच्या खालोखाल शिक्षणाची हौस, म्हणून मराठी सातवीपर्यंत शिकले. अक्षर वळणदार निघालं आणि त्या अक्षराच्या जोरावर वकील नवरा मिळाला, तोही बिजवर. बिजवराला मुलगी दिली की आमच्यात तिच्या गळ्यात सवतीचा टाक बांधतात. टाक म्हणजे चांदीच्या पत्र्यावर ठोकून उठवलेली बोटभर बाई. मेलेल्या पहिल्या बायकोनं नव्या संसाराकडे वाकड्या नजरेनं बघू नये, म्हणून तिला गळ्यात घेऊनच नांदायचं. रोज तिला हळदीकुंकू लावायचं. नवं लुगडं आलं की पदर आधी तिला टेकवायचा आणि मग आपण नेसायचं.

सोनाराकडे बाईचा ठसा एकच होता. त्याच ठशावर तो देव्हाऱ्यातल्या देवी उठवायचा आणि त्याच ठशावर गावातल्या सगळ्या मेलेल्या सवती. ठशातली बाई चांगली जाडजूड. डोकं वाटाण्याएवढं, पोट आणि मांड्या मात्र सगळा पत्रा खाऊन बसलेल्या, आणि पाय नाहीतच. माझी सवत म्हणे काडीसारखी होती. "जित्ती व्हती तवा अंगावर मूठभर मांस न्हवतं. मेल्यावर सोनारानं बाळसं दिलं," असं आत्याबाई म्हणायच्या.

आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई. माहेर मैंदर्गीचं, त्यामुळे बोलणं मराठी आणि संताप कानडी. थोरल्या सुनेबद्दल घरात बोलायच्या त्या एकट्याच. वकीलसाहेबांच्या तोंडून, म्हणजे माझ्या नवऱ्याच्या तोंडून, तिचा उच्चार मी कधी ऐकला नाही. तिचा फोटो नव्हता. पहिल्या बाळंतपणात ती गेली आणि मूलही गेलं. माजघरामागच्या खोलीत ते घडलं. मी या घरात आले तेव्हा त्या खोलीचं दार ओढून घेतलेलं होतं आणि आत लाकडं रचली होती.

मला तिची भीती वाटायला हवी होती, पण लळा लागला. मी पंधरा वर्षांची होते, घरात माझ्या वयाचं तेवढंच एक माणूस होतं. चुलीपुढे बसून मी तिच्याशी बोलायची. भाकरी करपली की तिला सांगायची, "बघ, तुझ्या वेळेलाही असंच व्हायचं का?" ती कधी उलटून बोलली नाही. अशी सवत कुणाला मिळते?

आता मंडळाकडे वळते. दर रविवारी आमच्या ओसरीवर विद्वानांचं मंडळ भरायचं. त्यात आमचे वकीलसाहेब, हायस्कुलातले इतिहासाचे मास्तर, एक डॉक्टर आणि अध्यक्ष म्हणून एक पेन्शनर मुन्सफ, जन्मभर कोर्टात निकाल दिलेले. वर्षभर त्यांनी आर्य कुठून आले यावर घसे बसवून घेतले होते. आर्य एकदाचे येऊन स्थिरस्थावर झाले आणि मंडळाला काम उरलं नाही. तेवढ्यात क्लबात एक विलायती सचित्र साप्ताहिक आलं आणि त्यात माल्टा बेटाची चित्रं निघाली. धातू ठाऊक नव्हते, माणसं दगड घासून हत्यारं करायची, त्या काळातली तिथली दगडी देवळं. त्या देवळांत सापडलेल्या दगडी बायका. जाडजूड, वाटाण्याएवढ्या डोक्याच्या, काहींना तर डोकंच नाही.

मंडळात एकानंही समुद्र पाहिलेला नव्हता. आमच्याकडचं बेट म्हणजे तलावातलं सिद्धेश्वराचं देऊळ, आणि तिथंही माणसं चपला हातात घेऊन चालत जातात. डॉक्टरांना माल्टा ठाऊक होतं ते एका तापामुळे. शेळीच्या दुधातून येणाऱ्या कुठल्याशा तापाला त्या बेटाचं नाव आहे म्हणे. एवढ्या भांडवलावर मंडळानं बेटाचा ताबा घेतला.

वकीलसाहेबांचं म्हणणं, ही मातृदेवता. नवाश्मयुगात, म्हणजे त्या दगड घासण्याच्या काळात, साऱ्या बेटावर आईचं राज्य होतं. बायका कारभार बघत आणि पुरुष मुकाट ऐकत. हे ते ओसरीवर ठासून सांगत असताना मी आतून चहा पाठवत होते, आणि साखर कमी पडली म्हणून त्या राज्यकारभारात दोनदा खंड पडला. मास्तरांचं म्हणणं, जाड बाई दिसली की देवी म्हणायचं हा कुठला न्याय? बाहुली असेल. कदाचित बाई नसेलच, खाऊनपिऊन सुखी असा पुजारी असेल, छातीवरून काही नक्की सांगता येत नाही. या वाक्यावर सगळे थोडा वेळ छपराकडे बघत बसले. डॉक्टर म्हणाले, देवीही नाही आणि पुजारीही नाही, ही सूज आहे, बेटावरचं पाणी वाईट असणार. मुन्सफसाहेब सगळ्यांचं ऐकून घेत आणि पुढची तारीख देत.

तुळजापूर आमच्यापासून अर्ध्या दिवसावर. पण तिथली आई पडली मराठी, तिच्यावर लेख लिहिला तर विलायतेत विचारतो कोण? वकीलसाहेबांना लेख लिहायचा होता. पुण्याच्या एका मासिकानं छापायचं कबूल केलं होतं. ते सांगत आणि मी सुवाच्य अक्षरात उतरवून काढत असे, त्यामुळे मातृदेवतेबद्दल मला मंडळातल्या कुणाहूनही जास्त माहिती होती. ती कुणी विचारली नाही, हा भाग वेगळा.

लेखाची गाडी एकाच ठिकाणी अडायची. मास्तर दर रविवारी विचारायचे, "तिच्या मांडीवर मूल कुठं आहे? मूल नाही, मग आई कशी?" बेटावरच्या त्या बायका खरंच एकट्याच होत्या. कडेवर मूल नाही, मांडीवर मूल नाही. वकीलसाहेब रविवारी निरुत्तर व्हायचे आणि सोमवारी माझ्यावर चिडायचे. शेवटी एकदा त्यांना वाक्य सुचलं. "जिच्या मांडीवर मूल नाही, तिलाही आई म्हणण्याइतकं त्या लोकांचं मन थोर होतं." मी ते उतरवून काढलं, आणि खरं सांगते, मला ते आवडलं. वाटलं, हा माणूस वाटतो तेवढा कोरडा नसेल.

त्याच दिवसांत मला सातवा महिना लागला होता. पहिलं बाळंतपण माहेरी, ही रीतच. माझा भाऊ गाडी घेऊन यायचा होता. मी दिवस मोजत होते, कारण मला दुसरी कसलीच भीती नव्हती, फक्त त्या खोलीची होती. आत्याबाईंनी तिच्यातली लाकडं काढून ती सारवून घ्यायला लावली होती, नुसतीच, वेळ काही सांगून येत नाही म्हणून. सारवणाचा वास माजघरात आला आणि मी दिवस दुसऱ्यांदा मोजले. मला आईजवळ जायचं होतं. त्या खोलीत बाळंत व्हायचं नव्हतं. आत्याबाईंची एकच अट होती. "टाक गळ्यात घालून जायचं. तिला हितं ठिवून गेलीस तर ती मागं मागं येईल, आन् वाटंत पोराला गाठंल." टाक गळ्यातच होता, तेव्हा अट अवघड नव्हती.

सभेच्या दिवसाची सकाळ. मंडळानं या वेळी वाद वाचनालयाच्या दिवाणखान्यात ठेवला होता, गावाला आमंत्रण होतं, आणि बायकांसाठी वर माडीवर चिकाचा पडदा लावला होता. मी डोक्यावरून न्हायला बसले. न्हाताना टाक काढून देव्हाऱ्यात ठेवायची माझी सवय. न्हाऊन आले तर देव्हाऱ्यात टाक नाही. आम्ही दोघींनी घर पालथं घातलं. आत्याबाईंनी उंदरापासून शेजारणीपर्यंत सगळ्यांवर आळ घेतला. वकीलसाहेब तेव्हा ओसरीवर कोटाची बटणं लावत होते. त्यांनी विचारलं, "काय शोधताय?" आत्याबाई म्हणाल्या, "थोरलीला शोदतोय." ते म्हणाले, "सापडेल," आणि टांग्यात बसले. आदल्या दिवशी त्यांनी माझ्याकडून एका पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरात लिहून घेतलं होतं, "मातृदेवता. नवाश्मयुगापासूनची अखंड परंपरा." मला वाटलं होतं, चित्राखाली लावायचं असेल.

दिवाणखाना भरला होता. वर चिकाआड आम्ही बायका, खाली पुरुष, आणि मधे टेबलावर मुन्सफसाहेबांची घंटा. मास्तर आधी बोलले आणि चांगलं बोलले. शेवटी त्यांनी तोच खुंटा ठोकला, "मांडीवर मूल दाखवा." लोक हसले. मग वकीलसाहेब उठले. बेट झालं, देवळं झाली, आईचं राज्य झालं. मग त्यांनी खिशातून रुमाल काढला, रुमालातून काहीतरी उचललं आणि हात उंच केला.

"त्या बेटावरची आई मेली नाही. ती समुद्र ओलांडून आली, आणि आज आपल्या घराघरांत आहे. तेच लहान डोकं पाहा, तेच भरलेलं पोट. पाय नसलेली ही आकृती पाहा. हिच्याही मांडीवर मूल नाही. तरी घरोघरी हिची पूजा होते."

चांदीवर माझ्या सकाळच्या कुंकवाचा ठिपका अजून होता.

माझ्या शेजारी आत्याबाई उभ्याच राहिल्या. त्यांना पुरुषांच्या सभेत बोलू नये हे ठाऊक होतं, पण आठवलं नाही. "अय्यो! ही तर आपली हाय! सापडली गं बया, ही आपलीच हाय!"

चिकाआड एकच हशा पिकला. तिथल्या जवळजवळ प्रत्येकीनं आमच्या घरी हळदीकुंकवाला येऊन त्या टाकाला बोट लावलं होतं. कुणाची कोण, हे सगळ्यांना ठाऊक होतं. दोघीतिघींना तर ती काडीसारखी मुलगी आठवत होती, विहिरीवर घागर पेलत नसे म्हणून रडणारी. खाली मात्र एकाही पुरुषाला पत्ता नव्हता. बायकोच्या गळ्यातल्या दागिन्याचं वजन त्यांना ठाऊक असतं, त्यावर कोण आहे ते कशाला बघतील?

मुन्सफसाहेबांनी घंटा वाजवली. मला वाटलं, आता वकीलसाहेब गडबडणार. ते वकील होते. क्षणभर वर पाहिलं, चष्मा नाकावर बसवला आणि म्हणाले, "ऐकलंत? नुसती आकृती दिसली आणि आमच्या अशिक्षित मातांनी तिला आपली म्हणून ओळखलं! सभ्य गृहस्थहो, याहून मोठा पुरावा कोणता हवा? ही ओळख रक्तातली आहे." मग ते मूल आणि थोर मनाचं वाक्य आलं. टाळ्या पडल्या. मास्तरांनीही वाजवल्या, भलेपणानं. आत्याबाई मटकन खाली बसल्या आणि एवढंच म्हणाल्या, "याला म्या पोटात वाडवला."

निकाल वकीलसाहेबांच्या बाजूनं लागला. मुन्सफसाहेबांनी जुन्या सवयीनं पुराव्याची वस्तू जमा करून घेतली. त्यांच्या घरी काचेचं कपाट होतं. त्यात जुनी नाणी, शिंपले, एका तोफेचा म्हणून सांगितलेला लोखंडाचा तुकडा. त्यात माझी सवत जाऊन बसली, आणि तिच्यापुढे माझ्या अक्षरातला पुठ्ठा उभा राहिला.

घरी आल्यावर मी पहिल्यांदाच नवऱ्यासमोर तोंड उघडलं. म्हटलं, "मला टाक पाहिजे. त्याशिवाय आत्याबाई पाठवणार नाहीत."

"आणू हं," वकीलसाहेब म्हणाले. ते आनंदात होते. "लेख छापून येऊ दे, मग आणू."

लेख छापून यायला दोन महिने होते. माझ्याकडे तेवढे नव्हते. भाऊ गाडी घेऊन आला. आत्याबाईंनी त्याला जेवू घातलं, बैलांना वैरण घातली आणि रिकामी गाडी परत पाठवली. मी उंबऱ्यात उभी राहून गाडी वळेपर्यंत बघितलं. आत्याबाईंचा राग आला. पण त्या दुष्ट नव्हत्या, त्यांनी एक सून त्या खोलीतून उचलून नेताना पाहिली होती, आणि भीतीपुढे त्यांचं काही चालत नव्हतं.

मग आम्ही दोघी सासू-सुना मुन्सफसाहेबांच्या घरी गेलो. निमित्त त्यांच्या बायकोकडच्या हळदीकुंकवाचं. ओटी झाली, पानसुपारी झाली आणि आत्याबाई उठून सरळ बाहेरच्या दिवाणखान्यात कपाटासमोर जाऊन उभ्या राहिल्या. मी मागोमाग.

"साहेब," आत्याबाई म्हणाल्या, "तुमच्या कपाटात माजी सून हाय."

मुन्सफसाहेबांनी वर्तमानपत्र खाली केलं. "कोण?"

"माजी थोरली सून. ती बगा की, नाण्याच्या बाजूला. हिची सवत ती. पैल्या बाळातपणात गेली. हिच्या लग्नात सोनाराकडनं करून घेतलीया म्या. देवी न्हाय, काय न्हाय. द्या ती माजी मला."

मुन्सफसाहेब दुष्ट नव्हते. पण तीस वर्षं खुर्चीत बसून माणसाचं जे होतं ते त्यांचं झालं होतं. त्यांनी मला विचारलं, "खरं का हे?" मी मान हलवली. म्हटलं, "मुलगी होती ती. माझ्याच वयाची. तिच्या मांडीवर मूल नाही ते तिचं मूलही गेलं म्हणून."

कपाटाची किल्ली त्यांच्या जानव्याला होती, ती त्यांनी चाचपली. मग म्हणाले, "बाई, तुमच्या यजमानांनी भर सभेत सांगितलंय की ही मातृदेवता आहे. मी त्यावर निकाल दिलाय. तो खोटा म्हणायचा तर त्यांनी स्वतः येऊन सांगावं. एकच वाक्य. ही माझी पहिली बायको आहे, म्हणावं. त्याच घटकेला कपाट उघडतो."

मला वाटलं, जिंकलं. एक वाक्य! वाक्यांची तर आमच्या घरात खाण होती.

संध्याकाळी आत्याबाईंनी लेकाला ते सांगितलं. वकीलसाहेबांच्या कपाळाला आठ्या पडल्या. "म्हणजे गावभर शोभा! आणि लेख पुण्याला गेलाय, आई. त्यात टाकाचं चित्रच आहे. आता मी काय कळवू?"

"कळव की, बायको हाय म्हनून."

त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. त्यांना उपाय सुचला की ते असंच करायचे. "त्यात एवढं काय आहे? सोनाराकडे ठसा आहेच. दुसरी करून घेऊ."

आत्याबाई उठल्या. "तवाबी तू असंच म्हनला हुतास," त्या म्हणाल्या. "थोरलीचा तेरावा झाल्यावर." आणि त्या आत निघून गेल्या. त्या दिवसापासून त्यांनी लेकाचं पान वाढलं, पण पानासमोर बसल्या नाहीत. दुसरी चांदीची बाई करून घेऊन आलेल्या गड्याला त्यांनी दारातूनच परत लावलं.

मी त्या खोलीत बाळंत झाले. आत्याबाईंनी आधी आठवडाभर आपलं अंथरूण तिथं हलवलं होतं. मला म्हणाल्या, "सुम्म बस, गप ऱ्हा, भिऊ नगंस. ती आली तर आदी माज्यासंगं बोलंल." गिरणीचा दुपारचा भोंगा झाला तेव्हा कळा सुरू झाल्या. बाहेर ओसरीवर पुण्याहून लेखाची मुद्रितं आली होती आणि वकीलसाहेब मातृदेवतेच्या काना-मात्रा तपासत होते. मी ओरडले ते "आई गं" म्हणून, सगळ्या ओरडतात तसंच. माझी आई होती मंगळवेढ्याकडे. या खोलीत होत्या त्या आत्याबाई, सुईण, आणि त्या दोघींच्या मागे, मला तेव्हा अगदी नक्की वाटत होतं, भिंतीला टेकून उभी असलेली एक काडीसारखी मुलगी. टाक नव्हता, तरी ती होती. ती माझ्याकडे वाकड्या नजरेनं बघत नव्हती. घाबरली होती बिचारी, माझ्याइतकीच.

मुलगी झाली. आम्ही दोघी जगलो. वकीलसाहेब म्हणाले, "पाहा, टाकाशिवाय काही अडलं?" आत्याबाई म्हणाल्या, थोरलीनं सांभाळलं. दोघांचाही पुरावा एकच होता. लेख छापून आला, वकीलसाहेबांना पुण्याहून कुणाकुणाची अभिनंदनाची पत्रं आली, आणि पुढच्याच रविवारपासून मंडळ रामायणातली लंका नेमकी कोणती यावर बसलं. बेटाचा नाद मात्र सुटला नाही.

मुन्सफसाहेब वारले तेव्हा त्यांचं कपाट वाचनालयाला दिलं गेलं. लेक सात-आठ वर्षांची असताना मी तिला घेऊन तिथं गेले. पोथीएवढी पुस्तकं ती तेव्हा अडखळत वाचायला लागली होती आणि दिसेल ती पाटी मोठ्यानं वाचायची. कपाटाच्या काचेला नाक लावून तिनं वाचलं, "मा-तृ-दे-व-ता." मग म्हणाली, "हे तर तुझं अक्षर."

"हो."

"ही कुणाची आई?"

चांदी काळी पडली होती. कुंकवाचा ठिपका मात्र वाळून तसाच होता, इतकी वर्षं त्याला कुणी पुसलंही नव्हतं आणि वर दुसरं बोटही लावलं नव्हतं. मी म्हटलं, "तुझी. तुझी थोरली आई."

लेकीनं तिच्याकडे नीट पाहिलं. वकिलाची मुलगी, एका उत्तरावर समाधान कुठून होणार? "मग तिच्या मांडीवर मी का नाही?"

मला मास्तर आठवले. तो खुंटा इतक्या वर्षांनी पुन्हा ठोकला गेला होता आणि त्यावर उत्तर द्यायचं काम माझं नव्हतं. म्हटलं, "घरी जाऊन वडिलांना विचार. त्यांनी तिच्यावर लेख लिहिलाय."

घरी वकीलसाहेब ओसरीवर वर्तमानपत्र वाचत बसले होते. लेक त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली आणि तिनं खणखणीत आवाजात विचारलं, "थोरल्या आईच्या मांडीवर मी का नाही?"

वर्तमानपत्र खाली आलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, लेकीकडे पाहिलं. मग चष्मा काढला आणि पुसायला लागले. पुसत राहिले. या वेळी उपाय सुचण्याचं लक्षण दिसेना. साऱ्या सोलापुराला बेटावरच्या आईची माहिती सांगणारा माणूस धोतराच्या सोग्यानं एकच काच घासत बसला होता, आणि मला वाटलं होतं त्याहून त्याची जास्त कीव आली.

आत्याबाई आतून भाकरी थापता थापता थांबल्या.

"सांग की रं आता," त्या म्हणाल्या. "भर सबेत सांगितलंस तसं."